कळलावीची उंची

श्रावण लागला की आमच्या नंदुरबारच्या घरामागे कुंपणात कळलावी दिसू लागते. म्हणजे मला दिसू लागते. घरातल्या बाकीच्यांना ती फुलल्याखेरीज दिसत नाही. परवा शेजारच्या वकिलीणबाई परसात आल्या, वेलीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही किती वाढते हो? आमच्या फाटकावर चढवावी म्हणते. लवकर चढेल ना?" फाटक अजून सुताराकडेच आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! मी हसून "बघू" म्हटलं आणि त्यांना चहाला बसवलं. त्यांना चहाच्या एका कपात मावेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

कळलावीला स्वतःची अशी उंची नसते. साग सागाएवढा होतो, तूर तुरीएवढी. ही मात्र शेजारी काय उभं आहे ते पाहून वाढते. बाजूला करवंदीची जाळी असेल तर जाळीएवढी, पळस असेल तर त्याच्या पहिल्या फांदीपर्यंत, आणि काहीच नसेल तर गुडघाभर उठून बिचारी आडवी पडते. तिच्या पानाचं टोक बारीक होत जातं आणि शेवटी वळतं. त्या वळलेल्या टोकानं ती काहीबाही धरते आणि वर जाते. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही. तोरणमाळच्या वाटेवर, जंगलखात्याच्या एका दोन खोल्यांच्या कौलारू घरात, एका पावसाळ्यात मी हे बघत बसले होते. त्या पावसाळ्यात मला दुसरं काही काम नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, जंगलखात्यात होते. झाडांचा घेर मोजायचा, तोडायच्या झाडावर शिक्का मारायचा, पावत्या करायच्या, असं त्यांचं काम. त्यांच्याजवळ कापडी फीत होती, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली. डबीच्या मध्ये पितळेची दांडी होती, ती फिरवली की फीत सळसळत आत जायची. आबांना त्या फितीचं फार कौतुक. घरात काहीही मोजायचे. खाट मोजायचे, भोपळा मोजायचे, एकदा दारात आलेली घोरपडही मोजायला निघाले होते, पण ती थांबली नाही. मायचं माहेर शहाद्याकडचं. तिला हे मोजण्याचं वेड आवडत नसे. आमच्या खानदेशात कोवळ्या गोष्टीकडे सरळ बोटही दाखवत नाहीत. काकडीनं फुलोरा धरला असेल तर बोट वाकवून दाखवायचं, नाहीतर ती पिवळी पडून गळते. मग मोजायची तर गोष्टच सोडा. वाढती गोष्ट मोजली की वाढ तिथेच थांबते, असं माय मानत होती. तिची माय मानत होती, आणि तिच्या गावातल्या सगळ्या बायका मानत होत्या.

माघात माझ्या पाठीवर भाऊ झाला. आबा चार दिवसांनी जंगलातून आले, हातपाय धुऊन बाळाजवळ बसले आणि हसता हसता फीत काढली. मी उंबऱ्यावर होते. मायनं बाजेवरून हात पुढे केला, "अहो, नका. त्याले मोजू नका." फितीचं टोक टाचेला लागून झालं होतं. त्यांनी डोक्यापर्यंत फीत नेली, आकडा वाचला आणि म्हणाले, "दख, सागानं रोप शे." सागाचं रोप! फार आनंदात होते ते. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो, कारण तसा तो पुन्हा झाला नाही. चैत्रात बाळ गेलं.

आज मला समजतं, ते खोकल्यानं गेलं. त्या वर्षी जवळच्या पावरा पाड्यावरची आणखी तीन-चार तान्ही पोरं तशीच गेली होती आणि त्यांना कुणी फीत लावली नव्हती. मायलाही हे ठाऊक असणार. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनाचं समाधान होणं वेगळं. तिनं आबांना एक शब्द लागट बोलून दाखवला नाही. भांडण झालं नाही, रडारड झाली तेवढी झाली. फक्त त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

बोलेनाशी झाली म्हणजे सगळं माझ्यामार्फत सुरू झालं. आबा समोर पाटावर बसलेले, माय चुलीपुढे, दोघांमध्ये मी. माय म्हणायची, "तुन्हा आबाले सांग, भाकर वाढेल शे." मी आबांना सांगायची. आबा म्हणायचे, "मायले सांग, मीठ थोडं कमी शे." मी मायला सांगायची. कधी कधी मी त्यात पदरचं काही घालत असे. आबांनी नुसतं "बरं" म्हटलं असलं तरी मी "आबा म्हणतात भाजी फार छान झाली" असं सांगायची. माय दुसऱ्या दिवशी तीच भाजी करायची. त्यांच्या संसाराचा निम्मा गाडा मी तोंडानं ओढला, असं मी लग्नानंतर माझ्या यजमानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तरीच तू इतकं बोलतेस.

फीत मात्र घरात आली नाही. पडवीच्या खुंटीवर ती पिशवीत असायची आणि आबा तिथूनच ती घेऊन जायचे. जंगलातही, असं लोक म्हणत, पुष्कळदा ते झाडाला कवेत धरून घेराचा अंदाज सांगत आणि नाइलाजानंच फीत लावत.

तान्ह्या पोरांना जाळत नाहीत. घराच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे, एका अंजनाच्या झाडापासून थोडं दूर बाळाला पुरलं होतं. वर दगड रचले होते, काट्या टाकल्या होत्या. तरी पाड्यावरच्या शेळ्या तिथे चरायला यायच्या आणि माय काठी घेऊन धावायची. आमच्याकडे दूध घालायला ठुमलीबाई यायची, पावरा बाई, पायात जाड वाळे, गळ्यात चांदी. तिचं बोलणं अर्धं पावरी, अर्धं अहिराणी. तिनं एकदा मायला धावताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओच्यातून कळलावीची वाळकी शेंग घेऊन आली. शेंग उकलली की आत लाल बिया. ती म्हणाली, "हाई पेर. शेळी तोंड नही लावस. तीन पाणी पडनात का फूल इ." तीन पाणी म्हणजे तीन पावसाळे.

शेळी तोंड लावत नाही, कारण वेल मुळापासून विषारी. मायला ते पटलं. तिनं बिया दगडांच्या कडेनं पेरल्या. आपणहून उगवायचं, आपणहून वाळायचं, पाणी घालायला नको, राखण नको. बदलीची नोकरी असलेल्या माणसाच्या बायकोला याहून सोयीचं झाड कुठून मिळणार? पण ठुमलीबाईच्या बोलण्यातला एकच शब्द तिच्या मनात घर करून बसला, तो म्हणजे फूल.

पहिल्या पावसाळ्यात तिथे गवताच्या पात्यासारखं काहीतरी आलं. बोटभर. मला ते गवतच वाटलं, पण मायनं आजूबाजूचं सगळं गवत उपटून तेवढं ठेवलं होतं. दसऱ्याच्या सुमारास ते पिवळं पडलं आणि नाहीसं झालं. दुसऱ्या वर्षी वीतभर आली, चार-पाच पानं घेऊन. मी तिच्याशेजारी वीत टेकवली तशी मायनं माझा हात फटकन बाजूला केला. तिसऱ्या पावसाळ्यात ती गुडघ्याला लागली. त्या वर्षी माय रोज सकाळी पोटऱ्यांपर्यंत चिखलात जाऊन शेंड्यावर कळी शोधायची. ठुमलीबाईनं तीन म्हटलं होतं ना. भाद्रपद गेला, आश्विन गेला, कळी नाही. वेल वाळून गेली. ठुमलीबाईला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, तीन नाही तर चार. झाड काय आपल्याला विचारून फुलतं?

मला पुढे कधीतरी कळलं की कळलावीचा कंद जमिनीत दरवर्षी मरतो. जो कंद या पावसाळ्यात वेल वर पाठवतो, तो पाठवता पाठवता आत सुकत जातो, आणि वेल त्याच्या शेजारी नवा कंद भरते. वरून आपल्याला वाटतं, तीच वेल परत आली. खाली दर वर्षी जुना रिकामा होऊन नवा तयार झालेला असतो, मागच्यापेक्षा थोडा जाड. म्हणून पहिली वर्षं ती इतकी हळू असते. तिचं सगळं लक्ष खाली असतं. हे वाचलं त्या दिवशी मला मायची फार आठवण आली आणि मी पुस्तक मिटलं.

तर चौथा पावसाळा. त्या वैशाखात आबांची अक्कलकुव्याला बदली झाली. सामान बांधायचं ठरलं. मायनं चुलीपुढून मला सांगितलं, "तुन्हा आबाले सांग, मी येत नही. आवंदा फूल येवाव शे." मी सांगितलं. यात पदरचं घालण्यासारखं काही नव्हतं. आबा मला म्हणाले, "मायले सांग, नवा माणूस पावसाया सरना का येणार शे. तवलोंग ऱ्हा म्हणा दोन्ही जणी." त्यांनी ज्वारी, मीठ, रॉकेल सगळं भरून ठेवलं. ठुमलीबाईच्या नवऱ्याला रोज खेप मारायला सांगितलं. जाताना घाटाच्या वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं, ते मला पाहिलं की तिला, ते मला कळलं नाही.

आता त्या पावसाळ्याचं काय सांगू? तो घडला असं मला वाटतच नाही. तो नुसता पडत होता. सकाळी दार उघडलं की ढग आत यायचा, चुलीपर्यंत. आमची दोघींची आणि ढगाची एकच खोली. कौलांवर शेवाळ, भिंतीला ओल, पांघरुणाला धुराचा वास. मोहाची वाळलेली फुलं एका मडक्यात होती, झाकण काढलं की सगळ्या घराला गोड, थोडी आंबूस झिंग यायची. दुपारी कोवळे बांबू उकडून खायचे, भाकरी, मिरची. बोलायला कोणी नाही, निरोप पोचवायला कोणी नाही. मला तर आधी चुकल्यासारखं झालं. मग मी मायशीच बोलायला लागले आणि ती माझ्याशी बोलायला लागली, मधे कुणी नसताना. तिनं मला तिच्या माहेरची गाणी शिकवली, केसांना तेल लावून दिलं, लहानपणी तापीत बुडता बुडता वाचली होती ती गोष्ट सांगितली. एवढी वर्षं ती माझ्याशेजारी होती आणि मला ती त्याच पावसाळ्यात भेटली.

पाड्यावर तेव्हा निलचारी व्हायची होती. पावसाळ्यातल्या पहिल्या हिरव्याची पूजा. ती होईपर्यंत गावातलं कुणी हिरवं पान तोडत नाही, रानभाजी खात नाही. माय वेलीभोवतीचं गवत उपटायला बसली की ठुमलीबाई वरून ओरडायची. आम्ही काही पाड्यावरच्या नव्हतो, पण मायनं हात मागे घेतला. मग गवत आणि वेल दोन्ही सारखीच वाढू लागली. रोज सकाळी आम्हा दोघींना गवतात वेल शोधायला लागायची, आणि रोज ती कालच्यापेक्षा वर सापडायची. सकाळी पाहिलेलं पान संध्याकाळी खाली राहिलेलं असायचं. तीन वर्षं जी बोट, वीत, गुडघा करत रांगली, ती आता उठून धावत सुटली होती. पूजा झाली, गवत काढलं, तेव्हा ती मायच्या कमरेला लागत होती आणि तिच्याजवळ धरायला काही नव्हतं. शेंडा वाऱ्यानं इकडे तिकडे व्हायचा.

एका सकाळी भाकरी करून माय खाली गेली ती आलीच नाही. मी पडवीतून हाक मारली, ओ नाही. जाऊन पाहते तर ती ओल्या दगडावर बसलेली, उजव्या हाताचं बोट वेलीपुढे धरलेलं. पानाचं टोक बोटाला टेकलं होतं. मी म्हटलं, "माय, काय करी ऱ्हायनी?" ती म्हणाली, "हालू नको." मी तिच्या मागे बसले. पाऊस भुरभुरत होता. काहीच होत नव्हतं. मी उठून घरी जाऊन भाकरी खाऊन आले, तरी ती तशीच. दुपार कलली तेव्हा पाहिलं, तर पानाचं टोक तिच्या बोटावरून पलीकडे वळलं होतं, आणि खालून परत येऊ पाहत होतं. अर्धा वेढा. किंचित. पण धरलेलं होतं, हे दिसत होतं.

मला त्या क्षणी फार राग आला, हे लिहायला हरकत नाही. मला वाटलं, माझं बोट धरून ही अशी कधी दिवसभर बसली होती? मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा इतका मोकळा होता की माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही. तिनं बोट हळूच सोडवलं, अगदी झोपलेल्या लेकराच्या मुठीतून सोडवतात तसं, आणि मला घरातून एक बांबू आणायला सांगितला. बांबू आम्ही दोघींनी मिळून रोवला.

त्यानंतर वेल कुणासाठी थांबली नाही.

कळी आली ती खाली मान घालून आली. उघडली तेव्हा हिरवट होती. माझा हिरमोड झाला, याच्यासाठी एवढं? दुसऱ्या दिवशी पाकळ्या मागे वळल्या, पिवळ्या झाल्या. मग केशरी. मग लाल, कडांना लाटा घेऊन, सगळ्या वर उभ्या. एकाच वेलीवर एक हिरवं, एक पिवळं, दोन लाल. ती वेल आबांच्या डोक्याच्याही वर गेली, बांबू संपला म्हणून थांबली. माय रोज बघायची, पण आता शोधत नसायची. काम करता करता बघायची. एकदा मला म्हणाली, "आते वाढनी. आते तिले काही व्हत नही." मी तेव्हा हूं म्हटलं.

आमच्या धाकट्या चिरंजिवांनी गेल्या दिवाळीत मधल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारली. नुकतीच सफेदी झालेली भिंत. मी रागावले ती भिंतीसाठी, असं सगळ्यांना वाटलं. मी ओलं फडकं घेऊन रेघ पुसायला गेले आणि पुसता पुसता थांबले. ती रेघ अजून आहे. मी शिकलेली बाई, शाळेत मुलींना आरोग्याचे धडे देते, पण पोटच्या पोराच्या डोक्यावर रेघ दिसली की हात फडक्याकडे वळतो. हे काही शिकून जात नाही. ते जायला काय लागतं ते मी त्या भाद्रपदात पाहिलं.

पोळा होऊन गेल्यावर आबा आले. घाट पायी चढून, भिजून चिंब, खांद्याला खात्याची पिशवी. पडवीतच उभे राहिले. मायनं आतून मला सांगितलं, "तुन्हा आबाले सांग, पाय धुई ल्या." मी सांगितलं. सवय सुटली नव्हती. आबांचं जेवण झालं, आम्हा दोघींच्या भाकऱ्या अजून थापायच्या होत्या. आबा मला म्हणाले, "फूल उनं का?" मी हो म्हटलं आणि त्यांचा हात धरून खाली घेऊन गेले. ते दगडांपासून चार पावलं अलीकडेच थांबले. हात पाठीमागे. पाऊस उघडला होता, अंजनावरून थेंब गळत होते. आबा वेलीकडे बघत होते. मी म्हटलं, "ते वरचं लाल परवा हिरवं होतं." त्यांनी बोट वाकवून विचारलं, "ते?" मी हो म्हटलं.

माय मागून आली. पदर खोचलेला, हात भाकरीच्या पिठाचे. ती वेलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फीत शे का पिशवीमा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी निरोप देईन म्हणून ते वाट पाहत होते. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. हा माझा निरोप नव्हता.

"तुम्हले इचारी ऱ्हायनी," माय म्हणाली.

आबा वर गेले. पडवीतून पिशवी घेऊन आले. डबी उघडली. त्यांनी फितीचं टोक हातात धरलं आणि वर शेंड्याकडे बघितलं, तिथवर हात कसा पोचवावा याचा हिशोब करत. माय म्हणाली, "वर नको." तिनं पिठाचा हात वेलीला लावून धरला, आडवा, कमरेच्या थोडा वर. म्हणाली, "आठलोंग, मन्हा हातलोंग मोजा. आते तो इतला व्हयना ऱ्हाता." तो असता तर आता एवढा झाला असता.

आबा चिखलात गुडघ्यावर बसले. फितीचं टोक दगडापाशी टेकवलं आणि सावकाश वर आणत तिच्या तळहातापर्यंत नेलं. आकडा बघायला त्यांनी मान वर केली, पण आकडा वाचला नाही. मग त्यांनी दुसऱ्या हातानं मायचं मनगट धरलं, तिचा तळवा दोन बोटं वर सरकवला, आणि फीत पुन्हा खालपासून लावली.